लिंबूसत्वाची बरणी

३ नोव्हें., सोम.

रेणूले आज पुन्हा उलटी. सकाळचे पोहे गेले, चहा गेला. सून माझी, पाचवा महिना चालू. मागच्या बाथरूमात मी फोटो धुते, तिथून आंबट वास आला की तिले मळमळते. वास माझ्या स्टॉपचा, डेव्हलपर थांबवायच्या आंबट पाण्याचा. ॲसेटिक ॲसिड, दुसरं काय. दार बंद, खालच्या फटीले ओलं पोतं, एक्झॉस्ट चालू, तरी तिले हॉलमध्ये बसून कळते की मी कोणत्या ट्रेत हात घातला.

निखिल ऑफिसातून आला अन् बूट न काढताच बोलला. "आई, बस झालं आता. महिनाअखेरपर्यंत ती बाथरूम खाली कर." मुलगा माझाच, जिद्दही माझीच घेतली त्यानं. मी म्हटलं, बारा फोटो होऊ दे. म्हणे, किती झाले? पाच. म्हणे, बाकीचे लॅबमध्ये दे छापाले, डिजिटल.

डिजिटल! तेहेतीस वर्षं सरकारी दवाखान्यात एक्स-रेच्या अंधारखोलीत लोकांची हाडं धुतली मी या हातांनी. आता रिटायर होऊन चेहरे धुवून राहिली तर म्हणे लॅबमध्ये दे.

फोटो बारा आयांचे, दवाखान्यात कामाले असलेल्या बायांचे. एक्स-रेच्या टेबलापाशी पेशंटची लेकरं धरून उभ्या राहायच्या त्या. एकीचाही फोटो कोणी कधी काढला नाही. जानेवारीत हे फोटो लावाले आमच्या मराठी मंडळाच्या हॉलची एक भिंत मिळाली आहे, मी हो म्हणून बसली. खोली सोडणार नाही. पण पोरीचं पोटही खोटं नाही ना.

५ नोव्हें., बुध.

अक्कल चालवली. स्टॉपच काढून टाकला. दवाखान्यात कुठं होतं ॲसिड? डेव्हलपरच्या टाकीतून फिल्म काढा, पाण्यात बुचकळा, हायपोत टाका, चित्र पक्कं. झालं. जन्मभर तेच केलं अन् एक फिल्म खराब नाही गेली.

आज मधल्या ट्रेत नुसतं पाणी. दुपारी आठ प्रिंट काढले. वास शून्य. रेणू जेवली, वर दोन केळी खाल्ली. मी खुश. मनात म्हटलं, निखिलले संध्याकाळी सांगते चांगली.

६ नोव्हें., गुरु.

सांगितलं नाही ते बरं झालं. आठही प्रिंट सुकल्यावर पिवळट-तपकिरी. एकीच्या गालावर पट्टा, दुसरीचं कपाळ अर्धं काळं अर्धं गोरं. हायपो पण मेला, गढूळ झाला पार.

बसून विचार केला तर हसू आलं, मग राग आला. दवाखान्यात पाण्याच्या टाकीत नळ धो धो वाहायचा दिवसभर. इथं एक ट्रे, त्यातच आठ प्रिंट, पाणी एकदाही बदललं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या प्रिंटनंतर तो पाण्याचा ट्रे नव्हताच, पातळ डेव्हलपर होता. इथं आमच्या चौबे कॉलोनीत दिवसभर नळ सोडून ठेवला तर वरच्या टाकीत संध्याकाळी भांडे घासाले पाणी राहणार नाही. तेहेतीस वर्षांची सवय अशी तोंडावर आपटते.

कागदाले स्टॉप पायजेच. आंबट पायजे, पण वास नको.

८ नोव्हें., शनि.

पुरानी बस्तीत गेली, जुन्या किराणेवाल्याकडे. त्याले विचारलं, भैया, आंबट असं काय आहे जे नाकाले कळत नाही? त्यानं पाहिलंच नाही माझ्याकडे, डब्यातून चिमूटभर पांढरे दाणे काढून हातावर ठेवले. "निंबू सत. चखिए." चाटलं. दात आंबले, पण वास? काही नाही. सायट्रिक ॲसिड की हो हे! दवाखान्यात साठ लोक होते, अन् उत्तर किराण्याच्या डब्यात.

अर्धा किलो घेतलं. कॉफीची लाल झाकणाची रिकामी बरणी होती, तिच्यात भरलं. कागद चिकटवला, लिहिलं: लिंबूसत्व. दवाखान्यात प्रत्येक बाटलीले लाल टेप लावायचो आम्ही, विषारी असो नसो. याले नाही लावला. खायचीच तर वस्तू आहे.

११ नोव्हें., मंगळ.

जमलं! जमलं! पहिली पट्टी टाकली, तीस मोजले, हायपोत टाकली, दिवा लावला. स्वच्छ. ना डाग, ना पट्टा.

रेणू दारापाशी स्टूल घेऊन बसली आज. नाक वर करून हुंगत होती बकरीसारखी. म्हणे, "मम्मी जी, सच में कुछ नहीं आ रहा." मराठी सारं समजते तिले, बोलते हिंदीत. मी मराठीत, ती हिंदीत, चार वर्षं झाली, भांडणही असंच होते आमचं. विचारे, "ये बीच वाले का काम क्या है?" मी म्हटलं, डेव्हलपरले कोणी अडवलं नाही तर तो फोटो काळा करतच जाते. हा मधला त्याले म्हणते, बस आता. "मतलब निखिल," ती म्हणे. दोघी इतक्या हसलो की तिले उचकी लागली.

निखिल पण नरमला. "ठीक आहे, डिलिव्हरीपर्यंत चालू दे. पण एक सांगून ठेवतो आई, त्या खोलीपायी रेणूले काही झालं, तर त्याच दिवशी चाबी माझ्याकडे. मग बारा नाही अन् तेरा नाही." मी म्हटलं, मंजूर. लेखी देऊ का?

७ प्रिंट झाले.

१७ नोव्हें., सोम.

बह्याड आहे मी, बह्याड.

सुकवारो बाईची फिल्म धुतली आज. बारावी आया, माझ्यासोबत सर्वात जास्त वर्षं तीच. लिंबूसत्व अंदाजानं टाकलं, मूठभर, कढीत टाकावं तसं. जास्त आंबट तर जास्त चांगलं थांबेल म्हटलं. माझ्या डेव्हलपरमध्ये धुण्याचा सोडा असते, हे डोक्यातच नाही आलं. सोडा अन् तेज आंबट भेटले की फसफसतेच, शाळेतलं पोट्टं सांगेल. तेच झालं टँकमध्ये. बुडबुडे फिल्मवरच्या थरातच फुटले, नेगेटिव्हभर सुईनं टोचल्यासारखी भोकं. छापून पाहिलं तर सुकवारोच्या तोंडावर काळे ठिपके, तीळ पेरले जसे.

बारा फ्रेम, बाराही गेल्या. पुन्हा जावं लागते बीरगांवले, तिच्या घरी. जाईन. यापुढं अंदाज बंद. एका लिटरले पंधरा ग्रॅम, तोलून.

२० नोव्हें., गुरु.

बीरगांव. दोन ऑटो बदलले. सुकवारो दारातच बसली होती, गुडघे वर करून. खराब प्रिंट दाखवला, माफी मागितली. तिनं तो डोळ्याजवळ धरला. "बने तो हे दीदी. माता निकले रहिस का मोला?" म्हणजे चांगलाच आहे, पण मले देवी निघाल्या होत्या का? मी म्हटलं, देवी तुले नाही निघाल्या बाई, माझ्या अकलेले निघाल्या. हसली. दात दोनच राहिले.

खुर्चीवर बसवलं तर हात कुठं ठेवावे कळे ना तिले. "खाली हाथ कइसे बइठहूं?" रिकाम्या हातानं बसायची सवयच नाही तिले. गमछ्याची घडी दिली मांडीवर, तर तिनं ती उभी धरली, दोन्ही तळव्यांच्या मध्ये, लेकराचं डोकं धरते तशी. अन् तेव्हा म्हणायची तशीच म्हणाली, हलू नको बाळा, हो गे हो गे, झालं झालं. मी बटन दाबलं अन् मग मले रडू आलं. कॅमेऱ्याच्या मागं होती म्हणून तिले दिसलं नाही.

लिहून टाकते, इथं कोण वाचते. आमच्या विभागात शिशाचा एप्रन एकच होता. लेकरू धरून ती उभी राहायची किरणांत, अन् भिंतीमागं, काचेआड, एप्रन घालून मी. नियमानं तो धरणाऱ्याले द्यायचा. मले माहीत होतं. तिले नव्हतं. तिनं कधी मागितला नाही, मी कधी काढून दिला नाही. तिची तब्येत बरी आहे, देवाची कृपा. माझी नाही कृपा.

सुकवारोचा फोटो छापल्याशिवाय मरणार नाही मी.

२४ नोव्हें., सोम.

सुकवारोची नवी फिल्म धुतली. स्टॉप तोलून. खोलीत काटा नाही, म्हणून बरणी अन् खोलीतला चमचा घेऊन किचनमध्ये गेली, रेणूच्या केकच्या काट्यावर पंधरा ग्रॅ. मोजले. मधेच सुकवारोचाच फोन. "मोर फोटो बनिस के नइ?" अगं बाई, धुवू तर दे! एका हातात फोन, एका हातात वाटी, तशीच आत गेली.

नेगेटिव्ह काचेसारखं साफ. एक भोक नाही. हा सर्वात शेवटी छापीन, सर्वात मोठ्या कागदावर. संध्याकाळी जिलेबी आणली सर्वांसाठी.

२९ नोव्हें., शनि.

समधीन आली धमतरीहून, आठ दिवस राहणार. रेणूची आई. सोबत अरसा, ठेठरी असा घरचा फराळ, एक पोतं तांदूळ. बोलकी बाई. किचनचा ताबा घेतला आल्याबरोबर. बरं आहे, मले खोलीत वेळ मिळेल.

३० नोव्हें., रवि.



दुपारी मी खोलीतून आली तर रेणू डायनिंगवर, पुढं ग्लास, अर्धा रिकामा. म्हणे, खट्टा पिने का मन था, मम्मी ने शरबत बनाया. ओट्यावर माझी बरणी. लाल झाकणाची. झाकण उघडं, आत माझा चमचा. तो चमचा खोलीतला. त्यानंच मी डेव्हलपरची पावडर काढते, मेटॉल, हायड्रोक्विनोन. पुसते, धुते कुठं दर वेळी.

ग्लास हिसकला. ओरडली असेन मी, वरच्या मजल्यावरचे खाली आले. समधीनले म्हटलं, "माझ्या खोलीत काहून हात घातला तुम्ही? दाराले काय दिसत नाही का? पोटुशी पोरगी आहे घरात!" ती पांढरी पडली. "बहन जी, मैंने तो यहीं से उठाया. नमक के बाजू में रखा था. निंबू सत लिखा है इसपे." मी म्हटलं, नमक के बाजू में कैसे आएगी? चलके आएगी? निखिल पण सासूले म्हणाला, मम्मी, वहाँ कैसे आएगा. रेणू आईकडं नुसती पाहत होती.

डॉक्टरीणबाईकडे नेलं. सारं खरं सांगितलं, चमच्याचं पण. त्या म्हणाल्या, एवढ्याशानं काही होत नाही, लिंबूसत्व तर लिंबूसत्वच, दोन दिवस लक्ष ठेवा. सोनोग्राफी केली. ठोके ऐकले. धडधड धडधड. त्या खुर्चीवर बसून मी किती दिवसांनी हात जोडले.

१ डिसें., सोम.

समधीन सकाळच्या बसनं गेली. आठ दिवसांची होती, दोन दिवसांत गेली. कोणी थांबवलं नाही. अरसाचा डबा तसाच राहिला.

निखिलनं नवीन कुलूप आणलं, खोलीले लावलं, चाबी माझ्या हातात दिली. "आई, तुझी चूक नाही. पण आता बंद ठेवत जा. कोणाचा काय भरोसा." मले वाटलं होतं खोली गेली. नाही गेली. बरणीले लाल टेप लावला, तीन वेढे.

४ डिसें., गुरु.

८वा, ९वा. दोन्ही सुंदर. केसातली चांदी न् चांदी मोजून घ्या.

९ डिसें., मंगळ.

१०वा झाला.

पुढच्या महिन्याच्या आधीच रेणूले सातवा लागेल, सधौरीचा विषय काढला मी. इकडं सातव्या महिन्यात मायकेवाले पक्वान्नं करून आणतात, पोरीले आपल्या हातानं खाऊ घालतात, फार मोठी गोष्ट असते त्यांच्यात. रेणू म्हणे, "नहीं करना." काहून? "मम्मी के हाथ का नहीं खाऊँगी मैं. उनको ध्यान नहीं रहता. आज ये किया, कल बच्चे के साथ क्या करेंगी?" फोन वाजून राहिला होता तिचा, 'मम्मी' दिसत होतं. तिनं उलटा ठेवला.

डिलिव्हरीले पण धमतरीले जाणार नाही म्हणे. "आप हो ना." ऐकून बरं वाटलं मले. खोटं काहून बोलू, बरं वाटलं.

१२ डिसें., शुक्र.

सुकवारोच्या नेगेटिव्हले स्टॉप किती दिला होता ते पाहाले मागची पानं चाळली. २४ नोव्हेंबर.

'बरणी अन् खोलीतला चमचा घेऊन किचनमध्ये गेली.' 'एका हातात फोन, एका हातात वाटी, तशीच आत गेली.'

बरणी? बरणी कोणत्या हातात होती?

कोणत्याच नाही. बरणी राहिली ओट्यावर. चमच्यासकट. मग स्वयंपाकाच्या वेळी ओटा पुसताना मीच ती उचलून फळीवर ठेवली असेल. मिठाशेजारी. रेणू त्या दिवसात ओट्याकडं जातच नव्हती. आठवून पाहिलं. आता तर आठवतेही, लाल झाकण मागं सरकवलेलं. सहा दिवस बरणी तिथं होती अन् मले पत्ता नाही, कारण नेगेटिव्ह झालं होतं, त्या आठवड्यात नुसतं तो फोटो मोठा छापायचं मनात होतं, खोलीत काही केलंच नाही.

नाही, हे पण खोटं. २७ले मी प्रिंट काढले. स्टॉप जुनाच वापरला, म्हणून बरणी लागली नाही.

ती बाई खरं बोलत होती. शब्दन् शब्द.

पान फाडावं असं मनात आलं. धरलं पण होतं कोपऱ्याले.

१३ डिसें., शनि.

कोणाले सांगितलं नाही. सांगितलं तर चाबी जाते. माझ्याच तोंडानं म्हटलं होतं, मंजूर.

आज ११वा झाला.

१६ डिसें., मंगळ.

मनाशी भांडण चालू आहे तीन दिवसांपासून, तेच इथं उतरवते. एक मन म्हणते, आता एकच फोटो राहिला. सुकवारो. तो छाप, मग सांग. चार दिवसानं काय बिघडते? काही झालं नाही पोरीले, ठोके चांगले आहेत. समधीनले वाईट वाटलं, जाईल.

अन् एक मन म्हणते, कुमुद, तुले माहीत आहे तू बारावा झाल्यावर काय म्हणशील. भिंतीवर लागू दे, मग सांगते. मग म्हणशील, डिलिव्हरी होऊ दे. मग बाळ मोठं होऊ दे.

रेणूचा फोन आज पण वाजला. आज पण उलटा.

त्या दवाखान्यात कसं होतं, एप्रन एक अन् माणसं दोन. इथं पण तेच चाललं. अन् पुन्हा घातला कोणी, तर मीच.

१८ डिसें., गुरु.

सकाळी अकराला खोलीत गेली. तिन्ही ट्रे भरले. स्टॉप तोलला, पंधरा ग्रॅम, नवीन काटा आणला आहे खोलीसाठी. मोठा कागद काढला. लाल दिवा. सुकवारोचं नेगेटिव्ह लावलं, फोकस केला. पांढऱ्या बोर्डावर ती उलटी, काळीची गोरी झालेली, तळव्यात गमछा.

कागद लावलाच नाही. ट्रे ओतून दिले. हे छापून मग सांगितलं असतं तर ते सांगणं नसतं, सौदा असता. माझं काम झालं, आता घ्या चाबी. एवढी हुशारी मी दवाखान्यात बऱ्याच साहेबांची पाहिली आहे.

जेवताना सांगते.

१९ डिसें., शुक्र.

काल सांगितलं. वरणभात वाढून झाल्यावर. रोजनिशी उघडून २४चं पान दोघांपुढं ठेवलं. म्हटलं, वाचा. बरणी मी ठेवली किचनमध्ये. समधीनबाई खरं बोलल्या. त्या दिवशी मले खरंच वाटलं होतं की त्यांनीच आणली. पण मागच्या शुक्रवारपासून माहीत आहे. सहा दिवस गप्प बसली मी. खोलीपायी.

निखिलनं पान दोनदा वाचलं. मग हात पुढं केला. चाबी दिली. कमरेची सोडून दिली. तो बोलला असता तर बरं झालं असतं, मी पण बोलली असती.

रेणूनं ताट सरकवलं अन् उठली. वाचलंच नाही तिनं.

मग मी धमतरीले फोन लावला. सर्वांसमोर नाही, बाल्कनीत. एक सांगून टाकते, हात जोडून बोलली मी, फोनवर दिसत नाही तरी. म्हटलं, दीदी, बरणी मीच ठेवली होती नमकाच्या बाजूले, तुम्ही खऱ्या होत्या. माफ करा.   ती म्हणाली, "बहन जी, मैंने तो उसी दिन कहा था." एवढंच. मग फोन कटला.

शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या. हे एक वाक्य रात्रंदिवस ऐकू येऊन राहिलं.

२० डिसें., शनि.

रेणूनं आज आईचा फोन उचलला. आतल्या खोलीत, दार लावून. दोन तास. रडण्याचा आवाज आला, मग हसण्याचा. मग पुन्हा रडण्याचा.

माझ्याशी बोलत नाही. निखिल 'हो', 'नाही' एवढंच. घरात तीन माणसं अन् टीव्हीचा आवाज.

२३ डिसें., मंगळ.

मंडळाच्या सचिवबाईंचा फोन. किती फोटो, खिळे ठोकायचे आहेत. मी म्हटलं बारा. त्या म्हणाल्या, मागं तुम्ही म्हटलं अकरा तयार आहेत? म्हटलं, बारा खिळे ठोका.

सांगून टाकलं तर खरं. आता बारावा कुठं छापायचा? जुन्या दवाखान्याची अंधारखोली आठवली. कंप्युटर आल्यापासून बंदच आहे. सुपरिटेंडंटले अर्ज लिहिला, दोन पानी. आज देऊन आली. क्लार्क म्हणे, मॅडम, वहाँ तो अब झाड़ू-पोंछा रखते हैं. मी म्हटलं, झाडू मी हलवीन, तू अर्जावर शिक्का मार. शिक्का मारला. उत्तर यायचं तेव्हा येईल. नाही आलं तर पुन्हा जाईन.

सुकवारोले फोन केला. सारं सांगितलं, बरणी, समधीन, चाबी, सारं. एप्रनचं पण सांगितलं. ते सांगायचं ठरवलं नव्हतं, निघून गेलं तोंडातून. ती म्हणे, "हव दीदी. जानत रेहेंव." माहीत होतं तिले. इतकी वर्षं माहीत होतं. मग विचारते, "मोर फोटो बनिस?"

नाही बनला अजून. बनवते.

२८ डिसें., रवि.

आज रेणूची सधौरी. समधीन आली, सोबत रेणूची मावशी. दार मी उघडलं. थैल्या घेऊ लागली तर तिनं दिल्या नाहीत, स्वतःच आत नेल्या. नमस्ते केलं, पण. किचनमध्ये गेली, फळीकडं एकदा पाहिलं, मग माझ्याकडं. मी म्हटलं, दीदी, आता सारं तुम्हीच पाहून घ्या, मी हात लावत नाही. ती म्हणे, "कढ़ाई तो निकाल दीजिए." काढून दिली.

लेकीले समोर बसवून आपल्या हातानं भरवलं तिनं. रेणूनं प्रत्येक घास खाल्ला. पोट भरलं तरी खाल्ला. मी दारात उभी राहून पाहत होती. आत बोलावलं नाही कोणी, मी पण गेली नाही. आज तो घास माझ्यापायी चुकला असता.

दुपारी पाहुण्या लेटल्या. मी बाल्कनीत मेथी निवडत होती तर रेणू आली. नवी साडी, ओटी भरलेली, चालताना कमरेले हात. समोरच्या खुर्चीवर बसली. दहा दिवसांत पहिल्यांदा. हातात चाबी. खोलीची.

"निखिल से मैंने ले ली," म्हणे. "उन्होंने कहा, तुम देखो."

मी मेथी खाली ठेवली.

"मम्मी जी, एक बात पूछनी है. सच बोलना."

"विचार."

"उस दिन अगर मुझे कुछ हो जाता. बच्चे को कुछ हो जाता. फिर आप वो पन्ना पढ़तीं. तब बतातीं?"

'हो' म्हणायचं होतं. जिभेवर होतं. 'हो, नक्की सांगितलं असतं.' ती पण तेच ऐकाले बसली होती, तिच्या डोळ्यात दिसत होतं, की म्हणा ना, म्हणा, मी चाबी देते अन् संपवते. मी त्या दिवसाचा विचार केला. सोनोग्राफीत ठोके नसते तर. अन् मग हे पान माझ्या हातात असतं तर.

"माहीत नाही," मी म्हटलं.

 खालून भाजीवाल्याचा ठेला गेला, त्यानं दोनदा हाक मारली. मग ती खुर्चीचा दांडा धरून उठली. मी हात दिला, तिनं घेतला. उभी राहिल्यावर सोडला.

चाबी घेऊनच आत गेली.